बिशपची पिल्लं

पैज लागली इग्गीच्या पबमध्ये, भर दुपारी, आणि तोंड आधी उघडलं ते माझंच. ते नेहमीच आधी उघडतं.

बार्टली क्वर्क कोपऱ्यात बसून काळ्या बिअरच्या फेसाकडे बघत होता. त्याचा शर्यतीचा कुत्रा बिशप त्याच आठवड्यात शर्यतीतून कायमचा उतरला होता. मागच्या पायाचा सांधा सुजला होता आणि जनावरांचा डॉक्टर म्हणाला होता, आता पळवलास तर जन्माचा लंगडा होईल. म्हणजे बिशपला आता घरी बसून नुसतं बाप व्हायचं होतं.

"मजा आहे बुवा," मी म्हणालो. "आम्ही मरेपर्यंत दुधाचे कॅन उचलायचे, आणि कुत्र्याला पेन्शन. वर दर आठवड्याला नवी नवरी."

"कमावलीय त्यानं," बार्टली म्हणाला.

ते खरंच होतं. तीस शर्यती, त्यातल्या बावीस जिंकल्या. डब्लिनच्या मोठ्या फायनलला मी होतो. कुत्रे सोडायच्या पेटीतून सगळ्यांत शेवटी सुटला तो बिशपच. दुसऱ्या वळणापर्यंत बार्टलीनं डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या वळणावर पुढचे पाचजण बाहेर फाकले आणि हा आतल्या कुंपणाला लागून असा शिरला, सुईत दोरा जावा तसा. त्या रात्री आमच्या टिपररीत पाच मैलांवरून शेकोट्या पेटलेल्या दिसत होत्या. प्रत्येक चौकात एक. आणि चॅम्पियन कशात बसून घरी आला? डेअरीच्या दुधाच्या गाडीत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, घोरत. ती गाडी मी चालवतो. डिनी क्रॉटी, वय अठ्ठेचाळीस, गावातल्या प्रत्येक अंगणात रोज सकाळी हजर. खोड्या काढायला यापेक्षा चांगली नोकरी नाही.

तर मी म्हणालो, "पळणाऱ्या बापाची पोरं बसकी निघतात, बार्टली. आमच्या फादरचा भाऊ बघ."

"पहिल्या वेतातली पिल्लं बघ तू. पहिल्याच शर्यतीत एक तरी तीस सेकंदांच्या आत येईल."

"सव्वापाचशे यार्ड?"

"नाहीतर काय, अंगणात?"

"एकही येणार नाही."

इग्गीला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून डोकं चाललं. तो म्हणाला, हरेल त्यानं मैदानावर सगळ्यांसमोर सहा नंबरच्या कुत्र्याचा पट्ट्यापट्ट्यांचा झगा घालायचा, तोंडाला मुसकं बांधायचं, पेटीत शिरायचं, आणि कुत्र्यांपुढे पळवतात तो विजेवरचा ससा सुटला की त्याच्यामागे एक पूर्ण फेरी मारायची. बार्टली बासष्ट वर्षांचा, खुबा दुखरा. तरी आम्ही दोघं तळहातावर थुंकलो आणि हात मिळवले. बिशपवर त्याचा एवढा विश्वास होता.

आता टिंकरचं सांगतो. बिशपचा सख्खा भाऊ, एकाच वेतातला. दोघं काळेकुळकुळीत, छातीवर पांढरा ठिपका, शेजारी उभे केले तर एक कुत्रा आणि एक आरसा. पण टिंकर शर्यतीला फक्त दोनदा उभा राहिला. दोन्ही वेळा तिसऱ्या वळणावर मान वळवून शेजारच्या कुत्र्याशी खेळायला लागला. दुसऱ्या वेळेला पंचांनी कायमचा बाहेर काढला. दुसऱ्या कुणी त्याला विकला असता, नाहीतर नदीत बुडवला असता. बार्टलीनं ठेवून घेतला. सकाळी दोघांना घेऊन सायकलवर चार मैल जायचा.

त्या दोघांतला फरक कळायचा तो कानात. आमच्याकडे पिल्लू तीन महिन्यांचं झालं की कानात अक्षरं गोंदतात, आणि तीच त्याची खरी ओळख. पण एक गोष्ट सांगतो. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन त्याच्या कुत्र्याचा कान उलटायचा नाही. मैदानावर पंच उलटतात, ते त्यांचं काम. अंगणात उलटलात, तर घरमालकाला तोंडावर चोर म्हणालात. यावरून दोन घरांचं बोलणं तीस वर्षं बंद असलेलं मी बघितलंय.

आणि बार्टली तर स्वतःसुद्धा कान बघत नसे. म्हणायचा, "अंधारात श्वासावरून ओळखीन." हे वाक्य त्यानं माझ्यासमोर बोलायला नको होतं.

जानेवारीत त्याची मावशी वारली. तो सकाळच्या बसनं नीनाहला मातीला गेला. मी आठ वाजता कॅन घ्यायला गेलो, तर अंगण रिकामं. त्याची बहीण नोनी आत ब्रेड भाजत होती. नोनी म्हणजे त्याच्या घरातली दुसरी आणि शेवटची व्यक्ती. दोघंही बिनलग्नाचे. मी पटकन कुत्र्यांच्या दोन्ही खोल्यांची दारं उघडली, टिंकर बिशपच्या खोलीत, बिशप टिंकरच्या. बिशपला डब्लिनहून आणलेला लाल चामडी पट्टा होता, तोही टिंकरच्या गळ्यात घातला. दीड वाजता बार्टली येणार, लाल पट्टावाल्याला फिरायला नेणार, "माझा राजा, माझा चॅम्पियन" म्हणणार, आणि मी गवताच्या गंजीमागून बाहेर येणार. एवढाच बेत होता. वाटेत एकटाच हसत होतो मी, कॅन खडखडत होते.

फेरी संपवून दीडला परत आलो. बार्टली आलाच नव्हता, मातीनंतरचं जेवण लांबलं होतं. अंगणात एक करड्या रंगाची मोटार उभी होती.

शीहानबाईंची. डेलिया शीहान, पलीकडच्या गावातल्या शाळेतल्या बाई, विधवा. त्यांच्याकडे डॉली नावाची एकच कुत्री, आणि तिच्यावर जीव. बिशपकडे सगळ्यांत आधी कुत्री आणायचा मान बार्टलीनं त्यांना दिला होता, म्हणाला होता, पैसे नकोत, पिल्लांतलं एक मला द्या. त्या शुक्रवारी यायच्या होत्या. पण डॉली मंगळवारीच तयार झाली, आणि कुत्री काही शुक्रवारपर्यंत थांबत नाही.

मी गोठ्याचा कोपरा वळलो. काम झालेलं होतं. दोघं शेपटीला शेपूट लावून अडकलेले. टिंकर जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघत होता, अगदी हसत.

"बरं झालं आलास, डिनी," शीहानबाई म्हणाल्या. "तिचं डोकं धर जरा. हलायला लागलीय."

नोनी एप्रनला हात पुसत उभी. गालावर लाली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा हे काम एकटीनं निभावलं होतं. "मी बाईंना म्हटलं, हवं तर कान बघून घ्या."

"क्वर्कांच्या अंगणात?" बाई म्हणाल्या. "मी काय परकी आहे का गं?"

मी डॉलीचं डोकं धरलं. कुत्री अशी अडकली की वीस मिनिटं सुटत नाहीत, ओढलं तर जखम होते. ती वीस मिनिटं मी गुडघ्यावर बसून होतो. नोनीनं चहा आणला, माझ्या तोंडाला लावला, कारण माझे हात गुंतलेले. तोंड मोकळं होतं. त्या तोंडानं मी चहा प्यायलो.

आधी वाटलं, झालं ते झालं, आता सांगून काय सुटणार आहेत? मग वाटलं, कदाचित फळणारही नाही. मग वाटलं, सख्खे भाऊच ना, आई तीच, बाप तोच, रक्त काय वेगळं आहे? माणूस खड्ड्यात असला की त्याला किती कारणं सुचतात बघा.

बाई गेल्यावर मी कुत्रे आणि पट्टा जागच्या जागी केले. पाच वाजता बार्टली आला. नोनीनं सगळं सांगितलं. त्यानं कागदावर सही केली: आई डॉली, बाप बिशप. मग खोलीशी जाऊन बिशपच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास रे." बिशपनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू न केलेल्या गुन्ह्याबद्दल कुणी हार घातलाय.

डॉली फळली. तीन पिल्लं, तिन्ही काळी. बार्टली आपलं पिल्लू घ्यायला गेला, तर बाईंचा चेहरा पडलेला दिसला. तो म्हणाला, "राहू द्या तिन्ही एकत्र. वाढवा तुम्हीच." कान गोंदायला कुत्र्यांची नोंद ठेवणारा वहीवाला आला त्या दिवशी मीही दूध घेऊन तिथं होतो. त्यानं वहीत लिहिलं, बाप बिशप, आणि मला म्हणाला, "भारी रक्त आहे, नाही?" मी म्हणालो, "भारीच." त्या वर्षी मी खोड्या दुपटीनं काढल्या. फादरच्या सायकलला घंटेऐवजी गाईची घुंगरं बांधली. इग्गीच्या मांजराला खडूनं पट्टे ओढले. लोक म्हणायचे, डिनीला यंदा ऊत आलाय. रात्री बायको म्हणायची, झोपेत दात का खातोस?

पिल्लं सोळा महिन्यांची झाली आणि जुलैच्या एका शनिवारी तिन्ही एकाच नवख्यांच्या शर्यतीत उभी राहिली. अख्खं गाव आलं होतं. संध्याकाळचे आठ वाजले होते, ऊन अजून गवतावर होतं. शीहानबाईंनी नवी टोपी घातली होती.

तिन्ही झकास सुटली. पहिलं वळण, दुसरं. बार्टलीनं माझ्या दंडाला धरलं. तिसऱ्या वळणावर पहिल्यानं मान वळवली. मग दुसऱ्यानं. तिसऱ्यानं तर मागच्या कुत्र्याच्या गळ्यातच पडायचं बाकी ठेवलं. ससा निघून गेला, तिघं खेळत खेळत रेषेपर्यंत आली, वाढदिवसाला आल्यासारखी. लोक हसले. पंचांनी तिघांनाही बाद केलं.

मी बार्टलीकडे बघत होतो. त्याला कळलं होतं. ती मान जगात त्याच्याएवढी कुणीच बघितली नव्हती. त्यानं माझा दंड सोडला आणि वळून बघितलं. कुत्र्यांकडे नाही. नोनीकडे. नोनी चष्मा पुसत होती.

तो कुणालाच काही बोलला नाही. काय बोलणार? माझ्या घरात दुसराच कुत्रा लावला गेला म्हणायचं, म्हणजे सही खोटी, नाहीतर बहीण वेडी. मंगळवारपर्यंत तिघांनी निरोप पाठवले, आमच्या कुत्र्या आणत नाही. बिशपची मुलं माना वळवतात, ही बातमी लिमरिकपर्यंत गेली. इग्गीनं पबच्या दारावर पाटी लावली: येत्या शनिवारी, सहा नंबर, बार्टली क्वर्क.

बुधवारी सकाळी मी कॅन घ्यायला गेलो. कुत्र्यांच्या दोन्ही दारांवर ताजा पांढरा रंग होता. एकावर बिशप, दुसऱ्यावर टिंकर, हातभर उंचीची अक्षरं. नोनी पायरीवर बसली होती.

"बघितलंस?" ती म्हणाली. "रात्री उठून रंगवलंन. मला एक शब्द बोलला नाही."

"कशासाठी रंगवलं?"

"माझ्यासाठी रे. डोकं गेलंय माझं." ती हसायला गेली आणि जमलं नाही. "आमची आई साठीची झाली आणि चहात मीठ घालायला लागली. मग आमची नावं विसरली. मी परवा साठीची होईन, डिनी. मला त्या दिवसाचं सगळं आठवतंय. मी डाव्या दारातनंच काढला, लाल पट्टा बघितला. शपथेवर सांगीन. पण तिलाही अगदी असंच सगळं आठवायचं."

"नोनी," मी म्हणालो.

"काय?"

"ब्रेडचा वास छान येतोय."

तिनं अर्धा ब्रेड कागदात गुंडाळून दिला. तो मी वाटेत गाडी थांबवून कावळ्यांना घातला.

शनिवारी मैदानावर जेवढी गर्दी होती, तेवढी बिशपच्या शर्यतीलाही नसायची. इग्गीनं घोषणांचा माईक मागून घेतला होता आणि सुटला होता. "सहा नंबर! जन्म एकोणीसशे दहा! वजन विचारू नका! दात स्वतःचे, चार!" बार्टली पट्ट्यांच्या झग्यात उभा, झगा छातीवर ताणलेला, मुसकं हातात. चेहऱ्यावर काही नाही. पेटीत शिरायला वाकला तेव्हा खुब्यात कळ आली. त्यानं कुंपणाला धरलं. नोनी कुंपणापलीकडे उभी होती, आणि त्यानं तिच्याकडे बघून मान डोलावली, ठीक आहे गं, अशी.

मी इग्गीच्या हातातून माईक घेतला.

"थांबा," मी म्हणालो. "ती पिल्लं बिशपची नाहीत. टिंकरची आहेत. मी कुत्रे बदलले होते."

अख्खं मैदान हसलं. टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "वा रे डिनी!" वीस वर्षं ज्यांना फसवलं, त्यांना खरं सांगायला गेलो, तर ही त्यातली सगळ्यांत झकास थाप ठरली.

"खरं सांगतोय रे!" मी ओरडलो. ते आणखी हसले.

एकटी नोनी हसत नव्हती. ती कुंपणाखालून आत आली, वयाच्या साठाव्या वर्षी, वाकून, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"पट्टा?" ती म्हणाली.

"लाल पट्टा टिंकरला घातला. त्याची मान बारीक, म्हणून चौथ्या भोकात आवळला. बिशपचा तिसऱ्यात असायचा."

तिनं चष्मा काढला. "चौथ्याच भोकात होता," ती हळू म्हणाली. "मला वाटलं बिशप वाळला. त्या रात्री मी त्याला मेंढीचं डोकं अख्खं घातलं." मग मोठ्यांदा, माईक माझ्या हातात तसाच होता, सगळीकडे ऐकू गेलं: "चौथ्या भोकात होता, बार्टली! मला आठवतंय ते बरोबर आहे!"

हसणं थांबलं. पेट्यांमागची कुत्री कुईकुई करताना ऐकू येत होती.

शीहानबाई आल्या. मला वाटलं थोबाडीत देतील. त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "डोकं धरलं होतंस तू तिचं."

"हो, बाई."

"सोळा महिने. शनिवारी शनिवारी विचारायचास, पिल्लं कशी आहेत म्हणून."

"हो, बाई."

"मला ती आवडतात ती पिल्लं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "तो भाग वेगळा. पण मला ती आवडतात."

बार्टली पेटीशी तसाच उभा होता. तो शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं बहिणीकडे बघितलं, मग हातातल्या मुसक्याकडे.

"मी तुला एकदाही विचारलं नाही गं," तो नोनीला म्हणाला. "विचारायला हवं होतं. नुसता रंग लावला."

"तुझी अक्षरं वाकडी आहेत," नोनी म्हणाली.

इग्गीनं माईक परत घेतला. त्यालाही पहिल्यांदाच थट्टा सुचत नव्हती. "पैजेचा निकाल," तो म्हणाला, "बिशपचं पहिलं वेत अजून पळायचंच आहे, तेव्हा बार्टली हरलेला नाही. पण ज्यानं पैजेत लबाडी केली तो हरला. गावाला मान्य?"

गावाला मान्य होतं. एवढ्या एकमतानं आमच्या गावानं कधी खासदारही निवडला नव्हता.

बार्टलीनं झगा काढला आणि माझ्या डोक्यातून घातला. मुसक्याचे पट्टे त्यानं स्वतः मागून आवळले, ज्या हातांनी तो चॅम्पियनचे आवळायचा त्याच हातांनी, घाई न करता, प्रत्येक पट्ट्याखालून बोट फिरवून बघत. मी चारी पायांवर पेटीत शिरलो. आत कुत्र्यांच्या घामाचा आणि भुशाचा वास होता. ससा खडखडत आला, दार वर उडालं, आणि मी पळालो.

लोक भुंकत होते. पहिल्या वळणापर्यंत मला थोडी मजाही वाटली, खोटं कशाला सांगू, एवढे लोक माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या वळणावर बाजूला कळ आली. तिसऱ्यावर एका पोरानं बिस्किट फेकलं. सरळ रेषेत आलो तेव्हा ससा कधीच थांबला होता आणि माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते. रेषेवर मी कोसळलो आणि मुसक्याच्या पट्ट्याला हात घातला.

बार्टलीनं माझा हात धरला. लांब मनोऱ्यात बसलेल्या ससेवाल्याला त्यानं दुसरा हात उंचावून खूण केली. ससा पुन्हा खडखडायला लागला.

"पैज एका फेरीची होती," मी मुसक्यातून म्हणालो. शब्द नीट निघत नव्हते.

"ती झाली," बार्टली म्हणाला. "ही नोनीची."

नोनी कुंपणाशी उभी होती. माझा कोट तिच्या हातात होता. ती हसतही नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. फक्त बघत होती, चष्मा लावून, आपल्याला नीट दिसतंय याची खात्री करून घेतल्यासारखी.

ससा माझ्या शेजारून गेला. मी उठलो आणि पळायला लागलो. या वेळी कुणी भुंकलं नाही.